पाठीमागचा हात

उलटी उडी मारणाऱ्याकडे सगळं गाव बघतं. त्याच्या पाठीशी हात धरून उभ्या असलेल्या माणसाकडे कोण बघतंय हो? नगरात मातीगल्लीच्या तालमीत असा एक माणूस होता. पीरमहंमद पिंजारी त्याचं नाव. दिवसभर गल्लीच्या तोंडाशी पिंजण घेऊन बसायचा. पिंजणाच्या ताणलेल्या तातेचा टणटण आवाज, नाकातोंडात कापूस, भुवयांवर पांढरा थर. लढाईचे दिवस होते, कापड रेशनवर, नव्या गाद्या कोण शिवतंय? लोक जुन्याच फोडून आणायचे. पीरमहंमद त्यातला कापूस उन्हात टाकायचा, पिंजायचा आणि पुन्हा भरून द्यायचा. संध्याकाळ झाली की मात्र अंग झटकून स्वारी तालमीत हजर.

तालमीचे वस्ताद होते काकासाहेब. कुस्ती त्यांच्याकडे, आणि कोलांट्या शिकणाऱ्यांना हात द्यायचं काम पीरमहंमदकडे. हात देणं म्हणजे काय, तर उडणाऱ्याच्या मागं जरा बाजूला उभं राहायचं. तो हवेत उलटा झाला की कमरेखाली तळहात न्यायचा. सुरुवातीला हाताचा पुरा टेकू, मग नुसती बोटं, मग बोटंसुद्धा लागू द्यायची नाहीत, पण हात तिथं असला पाहिजे. पडला तर हातावर पडावा, मानेवर नको. कापूस जोखून जोखून पीरमहंमदच्या हाताला माणसाचं वजनही चटकन कळायचं. गंमत म्हणजे उलटी उडी त्यानं स्वतः जन्मात मारली नव्हती. अंगानं ठेंगणा, आडवा, मान जवळजवळ नाहीच. सरळ कोलांटी मारली तरी गुंडाळलेलं घोंगडं गडगडल्यासारखा जायचा. पोरं हसायची आणि हाही हसायचा.

एक गोष्ट मात्र नवख्या माणसाला खटकायची. तालमीत हा बोडक्या डोक्यानं यायचा. घरी टोपी, नमाजाला टोपी, बाजारात रुमाल, आणि तालमीच्या उंबऱ्याशी आला की डोक्यावरचं काढून खुंटीला. कोणी विचारलं तर म्हणायचा, "गरम हुतं." थंडीच्या कडाक्यातसुद्धा गरम होतं म्हणणारा माणूस! लोकांनी विचारणं सोडून दिलं.

खरं कारण फार जुनं होतं, आणि ते त्यानं बायकोलासुद्धा सांगितलं नव्हतं.

ऐन जवानीत त्याचा जोडीदार होता सावेडीचा सहादेव. तेव्हा सावेडी म्हणजे शहराबाहेरचं शेतांचं गाव. सहादेव शेतातली कामं उरकून चालत तालमीत यायचा आणि अशी उलटी उडी मारायचा की बघणाऱ्यानं बघतच राहावं. हात द्यायला पीरमहंमद. दोघांची जोडीच होती. पीरमहंमदचं नुकतंच लग्न झालेलं, अंगाची हळदही उतरली नसेल, आणि सासऱ्यानं दिलेला हिरवा जरीचा रुमाल बांधून पठ्ठ्या तालमीत आला. मिरवायची हौस, दुसरं काय! सहादेव उडाला, आणि नेमका त्याच वेळी रुमाल सुटून डोळ्यांवर घसरला. हात आपसूक रुमालाकडे गेला. बस, एवढंच. सहादेव कोपरावर आपटला.

हाडवैद्यानं हाड बसवलं, पण ते वाकडंच बसलं. डावा हात पुन्हा कधी सरळ झाला नाही. तालमीत सगळे म्हणाले, माती ओली होती, पाय घसरला. सहादेवही कण्हत कण्हत तेच म्हणाला, "पाय घसरला." पीरमहंमद गप्प राहिला. कोणी बघितलं नव्हतं. आणि सहादेव तर डोकं खाली, पाय वर. उलट्या माणसाला काय दिसणार? असं म्हणून त्यानं मनाची समजूत घातली, पण मन समजलं नाही. त्या दिवसापासून तालमीत डोक्याला कापड लावायचं नाही, असा त्यानं कानाला खडा लावला.

दोस्ती तुटली नाही हो, उलट वाढलीच. सहादेव वाकड्या हातानं नांगर धरायला शिकला. तालमीच्या मातीत घालायला ताकाचं मडकं त्याच्याच घरून यायचं. ईदेला तो शीरखुर्म्याला यायचा, संक्रांतीला ह्यांच्याकडे तिळगूळ जायचा. फक्त त्या उडीचं नाव दोघांपैकी कोणी काढायचं नाही. सहादेवचा तो वाकडा हात वाटी धरताना दिसला की पीरमहंमदच्या घशाखाली घास उतरायचा नाही. हाजराबी, त्याची बायको, म्हणायची, "दोस्त घरी आला की तुमची भूक कुठं पळते हो?" तो काहीतरी थातूरमातूर सांगायचा.

आणि मग एके दिवशी सहादेव आपल्या मुलाला घेऊन आला.

कानिफनाथ नाव. मढीच्या नाथाला नवस बोलून झालेला, म्हणून कानिफनाथ. मिसरूड फुटलेलं, अंग लवचिक, उसाच्या कांड्यासारखं सरळ. सहादेव काकासाहेबांना रामराम करून थेट पीरमहंमदपाशी आला.

"पिऱ्या, ह्याला उडीचा नाद लागलाय. माजं ऐकंना."

पीरमहंमद त्याच्या वाकड्या हाताकडे न बघताच म्हणाला, "दुसरं काय तरी शिकव की. कुस्ती हाय."

"त्याला उडीच पायजे." सहादेवनं लेकाला पुढं केलं. "शिकव. पर ह्याच्या पाठीला हात तुजा पायजे. दुसऱ्या कुनाचा न्हाई. आन् हात काढू नको."

'हात काढू नको.' पीरमहंमदला वाटलं, कुस्तीच्या मातीचा हौदा दुभंगावा आणि आपण आत जावं. त्यानं वाकून माती कपाळाला लावली आणि म्हणाला, "न्हाई काढनार. ईमानानं सांगतो."

कानिफची सुरुवात त्यानं पडण्यापासून केली. कितीतरी दिवस उडी नाहीच, नुसतं पडायचं. हनुवटी छातीला लाव, खांदा आत घे, पाठ गोल कर, हात टेकू नको, हात मोडतो. "हात टेकू नको" म्हणताना त्याचा आवाज चिरकायचा. पोरगं कंटाळायचं. म्हणायचं, "चाचा, मी पडायला आलोय का उडायला?" चाचा म्हणायचा, "पडायला आलं की उडाय येतंच. पड गुमान."

मग कोलांट्या, मग हातांवरून उलटं जाणं, आणि मग एकदाची उलटी उडी. कानिफ पाठमोरा उभा राहायचा, गुडघे जरा वाकवायचा आणि विचारायचा, "चाचा, हात हाय का?" मागून आवाज यायचा, "हाय." की गडी उडालाच. टेकू गेला, बोटं गेली, हात नुसता हवेत राहिला, तरी विचारणं काही गेलं नाही. "हात हाय का?" "हाय." तालमीतली पोरं त्यांची नक्कल करायची. पीरमहंमदला मात्र त्यात गोडी वाटायची. आता खरं सांगायचं तर हात कधीच काढायला हवा होता. शिकलेल्या माणसाच्या पाठीशी इतके दिवस कोणी हात धरून राहतं का? पण ह्यानं शब्द दिला होता ना! शब्दाला जागता जागता त्यानं त्या पोराचं नुकसान चालवलं होतं, आणि त्याला पत्ताच नव्हता.

पत्ता लागला तो असा. पिंजाऱ्यांचा नेहमीचा खोकला एकदा बळावला आणि पीरमहंमद अंथरुणाला खिळला. त्याच्या जागी हात द्यायला छगन उभा राहिला. छगन म्हणजे तालमीतला सगळ्यात दांडगा गडी, दोन पोती एकदम उचलणारा. कानिफनं विचारलं, "हात हाय का?" छगन म्हणाला, "हाय की." कानिफचे पाय हौद्यातून सुटेनात. पुन्हा विचारलं, पुन्हा तेच. शेवटी पोरगं घाम पुसत बाजूला बसलं. दुसऱ्या दिवशीही तेच, तिसऱ्या दिवशीही तेच.

ही बातमी घेऊन काकासाहेब स्वतः पीरमहंमदच्या घरी आले. टेकून बसले, आणि डाफरलेच. "औंदाच्या उरुसाला चौकात उलटी उडी कानिफ मारनार, मी शब्द देऊन बसलोय. आन् तुजा पठ्ठ्या तुज्याबिगर हालत न्हाई. काय करून ठेवलंस, पीरमहंमद?"

पीरसाहेबांच्या उरुसात दर्ग्याला चंदन न्यायच्या संदलच्या मिरवणुकीपुढे तालमींचे खेळ चालायचे. चौकात फरसबंदीवर रिंगण धरायचं, एका गड्याच्या खांद्यावर दुसरा उभा राहायचा आणि तिथून मागं उलटी उडी घेऊन दगडावर उतरायचा. ह्या रिंगणात हात द्यायची रीत नाही. हात देणारा काठावर, लोकांत. ज्या तालमीच्या उडीला हात लागला, तिची वर्षभर टिंगल. आणि टिंगलीचं सोडा हो, खाली दगड! हौद्यात पडलं तर माती तोंडात जाते. तिथं पडलं तर मान गेली.

"दुसऱ्याला उडवा, वस्ताद," पीरमहंमद खोकत म्हणाला.

"दुसरा हाय कोन? आन् पोरगं काय म्हनतंय म्हाईत हाय? 'चाचा काठावर असंल ना, मग मी मारतो.' काठावरून काय हात पुरनार हाय तुजा?"

काकासाहेब गेले. पीरमहंमद भिंतीकडे तोंड करून पडून राहिला. पोराला नाही म्हणून सांगावं, तर ते हाय खाईल, जन्मभर उडणार नाही. उडू द्यावं, तर ऐनवेळी हात नाही हे मनात येऊन हवेतच आखडेल. आखडला की संपलं. आणि आत्ताच हात काढून घ्यावा, तर सहादेवला दिलेला शब्द? एकदा काढला होता हात. त्याचं काय झालं ते तो रोज बघतच होता.

हाजराबी कोपऱ्यात रजई शिवत बसली होती. भरण झालेल्या रजईला ती टाके घालायची, असे की पालथी केली तरी शोभावी. काकासाहेबांचं बोलणं तिनं ऐकलंच होतं. हातातलं काम न थांबवता ती म्हणाली, "कच्चे टाके कशाला घालतात हो?"

"आता हे काय मधीच?"

"सांगा तर. कापूस हलू नये म्हणून घालतात. पक्के टाके पडले की मी कच्चे ओढून टाकते. नाही टाकले तर काय होतं?"

"रजई चुनते. सुरकुत्या पडत्यात."

"मग!" तिनं दाताखाली दोरा तोडला. "एवढे दिवस त्या पोरात कच्चा टाका ठेवलाय तुम्ही. चुणला तो. आता ओढा."

बाई बोलली आणि कामाला लागली. पीरमहंमदला मात्र त्या रात्री नीज आली नाही.

बरं वाटल्यावर तो तालमीत गेला. टोपी खुंटीला लावली. त्याला बघून कानिफचा चेहरा फुलला. पोरगं पाठमोरं उभं राहिलं. "चाचा, हात हाय का?"

पीरमहंमदनं दोन्ही हात स्वतःच्या पाठीमागं नेले, एकात एक घट्ट पकडले, डोळे गच्च मिटले आणि म्हणाला, "हाय."

धप्प आवाज आला. डोळे उघडले तर कानिफ दोन पायांवर ताठ उभा. छगन आणि बाकीचे तोंडाचा आ करून बघत होते. पीरमहंमदनं ओठांवर बोट ठेवलं. सगळे समजले, कोणी ब्र काढला नाही.

मग ते रोजचंच झालं. "हात हाय का?" "हाय." हात पाठीमागं. पाच वेळा नमाज पढणारा माणूस, रोज तोंडानं खोटं बोलायचा आणि रोज त्याच पोराच्या जिवाची भीक मागायचा. पाठीमागं हातांची नखं हातांतच रुतायची, वळ उठायचे. वर सहादेव ताक घेऊन यायचा आणि सहज विचारायचा, "हात हाय ना रं पोराला?" त्यालाही हा म्हणायचा, "हाय." बापाशीही खोटं आणि लेकाशीही. घरी येऊन तो हाजराबीला म्हणायचा, "पोराला कळलं तर?" ती म्हणायची, "कळेल तेव्हा कळेल. पोरगं उडतंय ना?" उडत होतं. छगनच्या खांद्यावरूनही उडायला लागलं.

उरुसाचा दिवस आला. दुपार कलती, चौक माणसांनी फुललेला, माड्यांच्या खिडक्यांत बायका, ऊद आणि फुलांचा वास, हलगी आणि ताशा कडाडतोय. मातीगल्लीच्या तालमीनं रिंगण धरलं. छगन मध्ये पाय रोवून उभा राहिला. कानिफ त्याच्या मांडीवर पाय देऊन खांद्यावर चढला, पाठ पीरमहंमदकडे करून. पीरमहंमद काठावर, बोडका. आणि समोरच्या काठावर, पहिल्या रांगेत, सहादेव. वाकडा हात छातीशी धरून तो लेकाकडे बघत होता.

उडीच्या आधी हलगी थांबते, ही तिथली रीत. हलगी थांबली. चौक चिडीचूप झाला. आणि त्या शांततेत खांद्यावरून आवाज आला, "चाचा, हात हाय का?"

सगळ्या चौकानं ऐकलं. कोणीतरी फिसकन हसलं. काकासाहेबांनी कपाळाला हात लावला.

पीरमहंमदच्या तोंडावर 'हाय' आलंच होतं. रोजचीच सवय. पण समोर सहादेव होता आणि खाली दगड होता. आता 'हाय' म्हणायचं, आणि पोरगं त्या शब्दावर अंग टाकून देणार. एकदा गप्प राहून ह्यानं बापाला फसवलं होतं. आज बोलून लेकाला फसवायचं? त्याचाच आवाज त्याला परका वाटला.

"न्हाई, कानिफ," तो म्हणाला. "हात न्हाई."

सहादेवनं लेकावरची नजर काढून पीरमहंमदकडे बघितलं. छगनचे डोळे पांढरे झाले. खांद्यावर कानिफ क्षणभर नुसता उभा राहिला.

"बरं," तो म्हणाला, आणि उडाला.

पाय डोक्यावरून गेले, अंग गोल झालं, उलगडलं, आणि दोन तळवे फरसबंदीवर फाटकन उतरले. तोलसुद्धा गेला नाही. चौकानं असा गिल्ला केला की देवळावरची कबुतरं उडाली. हलगीवाल्याला तर वाजवायचं भानच राहिलं नाही. काकासाहेबांनी रीतीप्रमाणे कानिफच्या डोक्याला लाल पटका बांधला आणि लोकांनी त्याला उचलून घेतलं.

 पीरमहंमद एका दुकानाच्या ओट्यावर जाऊन बसला. थोड्या वेळानं गर्दीतून सुटून कानिफ आला, मागोमाग सहादेव.

"चाचा, रडता काय?"

"खोटं बोललो रं तुज्याशी," पीरमहंमदनं डोळे पुसले. "आज न्हाई. रोज. 'हाय' म्हनायचो आन् हात पाठीमागं असायचे."

"ठावं हाय की."

"काय ठावं हाय?"

कानिफ हसला. "चाचा, तुमी कदी उलटी उडी मारली न्हाई, म्हनून तुमाला म्हाईत न्हाई. उलटं झाल्यावर मागचं समदं दिसतं. डोकं खाली असलं तरी डोळं उघडंच असत्यात ना? पयल्याच दिशी दिसलं. हात पाठीमागं बांधल्याले आन् डोळं गच्च मिटल्याले. हवेतच हसू आलं मला. मंग कळलं, आपून हाताबिगरच उडालोय."

"आन् तरी रोज इचारायचास? कशापायी?"

पोरानं कान खाजवला. "तुमी 'हाय' म्हनताना लई जीव लावून म्हनायचा. इचारलंच न्हाई तर तुमाला वाटलं असतं, ह्याला आता आपली गरज न्हाई."

 उलटं झाल्यावर मागचं सगळं दिसतं. पीरमहंमदनं हळूच मान वर केली. सहादेव समोर उभा होता.

"सहाद्या," तो म्हणाला. "मंग तुला... तवा..."

 चौकात पुढच्या तालमीची हलगी सुरू झाली होती, तिकडं सहादेवनं बघितलं.

"रुमाल झ्याक हुता," तो म्हणाला. "हिरवा. जरीचा."

एवढी सगळी वर्षं! ह्याला दिसलं होतं. हात रुमालाकडे जाताना दिसला होता, आणि कोपर मोडलेलं असताना, कण्हत कण्हत, हाच म्हणाला होता की पाय घसरला. पीरमहंमदला हुंदका आवरेना.

"दिसलं हुतं, तरी सोताचं पोरगं माज्या हातात आनून दिलंस?"

"मंग कुनाच्या देऊ?" सहादेव जरा चिडूनच म्हणाला. "ज्याचा हात कदी चुकलाच न्हाई, त्याचं ध्यान कुटंबी जाईल. तुजं गेलं नसतं. बोडका फिरतोस इतकी वर्सं, मला काय कळत न्हाई व्हय?"

मग त्यानं लेकाच्या डोक्यावरचा पटका काढला आणि पीरमहंमदच्या डोक्याभोवती गुंडाळायला लागला. उजवा हात फिरला, पण वाकडा डावा हात काही मागं पोचेना. दोनदा प्रयत्न केला, पटका सुटून खांद्यावर आला.

"आरं, बसलाईस काय नुसता?" सहादेव म्हणाला. "टोक धर की जरा."

पीरमहंमदनं हात वर केला आणि टोक धरलं.